पाहून सोडलेला नांगर

"काल तुमच्याच बाजूचा एक जण ह्याला बघून गेलाय की," असे बाबुराव सहज म्हणाला, आणि नांगराच्या रुमण्यावर, म्हणजे मुठीवर, ठेवलेला माझा हात मी, चटका बसावा तसा, काढून घेतला. खानापूर स्टेशनाच्या मागील अंगास बाबुरावाची जुन्या लोखंडी सामानाची वखार होती. महायुद्ध संपून तिसरे वर्ष चालू होते, आणि त्या वखारीत रेल्वेच्या मोडक्या कांबीपासून ऊस गाळण्याच्या चरकाच्या दात्यांपर्यंत सर्व जातीचे लोखंड एकमेकांवर रेलून बसलेले असे. त्या गर्दीत हा नांगर एकटाच उभा होता. बेळगावाकडील एका ऊसवाल्याने तो चार वर्षे वापरून विकला होता. त्याचा तांबडा रंग पोटाशी उडाला होता, फाळ झिजून बोटभर आखूड झाला होता आणि एका बोल्टाच्या जागी तार पिळून बसविलेली होती. तरीही माती पलटविणारा तो वाकलेला पंखा मातीनेच घासून इतका लखलखीत झाला होता की त्यात मला माझा चेहरा लांबट आणि तिरपा दिसत होता. मी मामांच्या वर्षश्राद्धास आलो होतो, पण खरे सांगावयाचे तर श्राद्ध हे निमित्त होते. लोखंडी नांगराविषयीचे शेतकी खात्याचे पत्रक मी वर्षभर पेटीत जपून ठेवले होते. "कोण आला होता," मी विचारले. "नाव कोण इचारतंय. सुप्याकडचा. उंच हाय, उजव्या भुवईवर खूण हाय बघा." ती खूण माझ्या ओळखीची होती. शेजारच्या शेतातल्या परशूच्या भुवईवर रेड्याचे शिंग लागले तेव्हा आम्ही दोघेही दहा वर्षांचे होतो, आणि ते शिंग मला लागावयाचे होते, तो मध्ये आला म्हणून त्याला लागले. "मग? काय म्हणाला तो?" "काय न्हाई. वाकून बघितला, उचलून बघितला, हसला आणि गेला. घेतो म्हणाला न्हाई, नको म्हणाला न्हाई." परशू हसला. त्या हसण्याचा अर्थ काय असावा याचा मी तेथेच उभ्या उभ्या विचार केला आणि मला एकच अर्थ दिसला: तो पैशांची व्यवस्था करून परत येणार. मी बाबुरावास म्हणालो, "मी घेतला." घासाघीससुद्धा मी केली नाही, आणि जो प्रश्न शेतात राबणाऱ्या कोणत्याही मनुष्याने प्रथम विचारावा, तो मला सुचलाच नाही.

बाबुरावाने मात्र मला एक गोष्ट आपण होऊन शिकविली. रुमणे दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "हे बघा, ह्याचं सगळं उलटं असतंय. लाकडी नांगरावर दाबलं की फाळ खाली जातोय, व्हय? हितं दाबलं तर वर येतोय. खाली घालायचा तर रुमणं जरा उचलायचं. जरासंच. सगळे नवे लोक दाबतात आणि मग मला शिव्या देत्यात." मी रुमणे हातात घेऊन उचलून पाहिले. दोन बोटे उचलताच फाळाचे टोक वखारीच्या भुईत रुतले. एवढ्या जड वस्तूला इतका हलका इशारा पुरावा याचे मला त्या वेळी नवल वाटले होते.

नांगर लोंढ्यापर्यंत मालगाडीने आला आणि तेथून जगलबेटवरून भाड्याच्या गाडीत घालून मी तो आमच्या सुप्याच्या मुलखात, जोयड्याकडे आणला. गाडी रानातून चालली होती, आणि पाठीमागे पेंढ्यावर आडवा पडलेला नांगर प्रत्येक खड्ड्यात आवाज करीत होता. तो आवाज ऐकून मला सुख होत होते, पण ते निर्भेळ नव्हते. माझ्या मनात सारखे येत होते की परशू ह्या घटकेला खानापुरास पोहोचला असेल, वखारीत शिरला असेल आणि नांगराची रिकामी जागा बघत असेल. त्याचा तो क्षण मला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येत नव्हता, याचेच मला दुःख होते. परशूचे शेत आणि माझे शेत यांच्यामध्ये एक बांध आहे. त्याची दोन एकर, माझी दोन एकर, दोन्हींची उतरती भातखाचरे. त्याच्याजवळ रेड्यांची एक जोडी, माझ्याजवळ एक. आमच्या वडिलांच्या काळापासून दोन्ही घरांची सावड होती, म्हणजे दोघांनी मिळून आधी एकाचे शेत नांगरावयाचे आणि मग दुसऱ्याचे. त्यातही रीत अशी की जो बोलावतो त्याने आधी दुसऱ्याच्या शेतात जावयाचे, आणि भाकरी मात्र बोलावणाऱ्याच्या घरातून यावयाची. भुवईच्या त्या खुणेनंतर वडिलांनी मला चार वर्षे मामांकडे ठेवून मराठी चौथीपर्यंत शिकविले. त्या चार वर्षांत माझ्या जागी परशू आमच्या शेतात उभा राहिला. सुट्टीत घरी आलो की वडील मला बांधावर नेऊन दाखवीत. एकदा म्हणाले, "तुझं अक्षर सरळ आलंय, मास्तर सांगत हुते. परशूनं नांगरानं पाडलेलं तास बघ, तसंच सरळ हाय." त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते. ते दोघांचेही कौतुक होते. पण मला त्या दिवसापासून असे वाटत आले की माझे अक्षर कागदावर आहे, आणि वडिलांना कागद वाचता येत नव्हता.

दोन नांगर एका खाचरात एकामागून एक चालतात तेव्हा लपविण्यास कोठे जागा नसते. माझ्या तासाशेजारी त्याचे तास पडते, आणि बांधावर उभा असलेला कोणीही मनुष्य, ज्याला शेतीतले काही कळत नाही असासुद्धा, कोणते कोणाचे हे सांगू शकतो. बांधावर उभी राहणारी माझी पत्नी केशर होती. तिने मला कधी एका शब्दाने दुखविले नाही, हे मला येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पण परशूला भाकरीबरोबर आधी मीठ लागते, मग चटणी, हे तिला न सांगता ठाऊक झाले होते. तो पाणी पिण्याआधी तांब्यातले थोडे भुईवर सांडतो म्हणून त्याचा तांब्या ती काठोकाठ भरीत असे. मला काय लागते हेही तिला ठाऊक होते, कदाचित अधिक ठाऊक होते, पण पुरुष स्वतःचा तांब्या किती भरला आहे हे पाहत नाही. आदल्या वर्षी भाकरी सोडताना ती सहज म्हणाली, "परशूभावजींची तासं बघून जेवायला बसावंसं वाटतंय." त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्यानंतर चार दिवसांनी मी परशूला म्हणालो की येत्या वर्षी सावड नको, मी माझे बघून घेईन. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. तो रेड्यांना पेंढा घालीत होता. "बरं," एवढेच तो म्हणाला, आणि उरलेला पेंढा सारखा पसरू लागला. भांडला असता तर माझा मत्सर तेथेच संपला असता असे मला पुष्कळदा वाटले आहे. त्याच्या त्या "बरं"मध्ये मला सबंध वर्ष काढावे लागले.

मार्गशीर्षातले दिवस होते. कापणी होऊन खाचरे मोकळी पडली होती आणि मातीत अजून ओल होती. असल्या मातीत लाकडी नांगर नुसता खरवडत जातो, लोखंडी कापीत जातो, असे पत्रकात छापलेले होते. नांगर अंगणात उतरताच केशर पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिला रुमणे धरून ती दाबण्याची आणि उचलण्याची गंमत दाखविली, दोनदा दाखविली. "उलटंच हाय की सगळं," ती म्हणाली आणि तिने स्वतः रुमणे दोन बोटे उचलून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल होते. ते कुतूहल माझ्यासाठी होते, आणि ती दुपार मला आजही संपूर्ण आठवते. मग शेजारचे नागूकाका काठी टेकीत आले. त्यांनी नांगराला प्रदक्षिणा घातल्यासारखे केले आणि विचारले, "किती जनावरं लागत्यात ह्याला?" मी पंख्यावरची धूळ पुसू लागलो. "भिकाजी, तुला इचारतोय. किती जनावरं?" "दोन," मी म्हणालो. नागूकाका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "जुंप बघू."

मी जुंपले. माझ्या रेड्यांनी अंगणाखालच्या खाचरात चार पावले ओढले, पाचव्याला डावा थांबला, आणि सातव्याला उजव्याने बसकण मारली. तो बसला तो अशा रीतीने की जणू त्याला कोणी पाट मांडून दिला होता. केशरने पदर तोंडाशी धरला. "ऊसवाल्याचा नांगर हाय ह्यो," नागूकाका म्हणाले, "चार जनावरांबिगर हलायचा न्हाई. दुसरी जोडी कुणाची आणणार?" साऱ्या वाडीत रेड्यांची दुसरी धट्टीकट्टी जोडी कोणाची आहे हे त्यांना माहीत होते, मला माहीत होते आणि बसलेल्या रेड्यालाही माहीत होते. ज्या मनुष्यावाचून माझे चालावे म्हणून मी हे लोखंड रान ओलांडून आणले, त्याच्यावाचून ते जागचे हलणार नव्हते. वखारीत परशू का हसला हे मला तेव्हा समजले. जाता जाता नागूकाकांनी फाळाकडे काठी रोखली. "आणिक एक ध्यानात ठेव. उथळ चालव. वीतभर. खाचराच्या पोटात तळ असतोय, आपल्या बापजाद्यांनी चिखलात रेडे फिरवून फिरवून बसवलेला. त्यो फुटला की पाणी धरत न्हाई, भाताचं खाचर न्हाई ऱ्हात. लाकडी फाळ तिथवर पोचत न्हाई. ह्यो पोचंल." केशर तेथेच उभी होती. तिने ते ऐकले, आणि मान हलविली, जणू ते तिलाही सांगितले होते.

परशूच्या अंगणात मी दुसऱ्या दिवशी गेलो. तो दोरी वळीत बसला होता. मला पाहून त्याने पायाने पाट माझ्याकडे सरकविला. मी उभाच राहिलो. "नांगर आणलास म्हणं," तो म्हणाला. "आणलाय. तू बघून आला हुतास." "व्हय." "मग घेतला का न्हाईस?" त्याने दोरीला पीळ दिला. "एकट्यानं घेऊन काय करू? तुझी जोडी लागली असती. आणि तू तर सावड मोडलीस. म्हटलं, भिकूला इचारल्याबिगर कसा घ्यायचा." मी मनात शंभर उत्तरे ऐकून तेथे गेलो होतो, त्यात हे नव्हते. मला राग आला. मनुष्याने इतके सरळ असू नये, निदान ज्याचा हेवा करावयाचा त्याने तरी असू नये, कारण मग हेवा करणाऱ्याला उभे राहण्यास बांधसुद्धा उरत नाही. "तर मग ये," मी म्हणालो, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडताच रीत माझ्या ध्यानात आली. बोलावणारा मी होतो. माझ्या नांगराचे पहिले तास परशूच्या शेतात पडणार होते. "उद्या सकाळी," परशू म्हणाला. "रुमणं तूच धर. नांगर तुझा. मी म्होरं दावं धरतो. तेवढं उथळ चालव."

दुसऱ्या सकाळी चार रेडे एकापुढे एक जोडीने जुंपले, पुढे परशूचे, मागे माझे. पुढच्या जोडीचे दावे खांद्यावर घेऊन परशू चालू लागला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी रुमणे दाबून धरले होते, आणि फाळ वीतभर खोल, जराही न अडखळता, चालला होता. पंख्यावरून काळी माती एकसारखी उलटत होती, ओली, चकचकीत, आणि तिला एक गोड वास होता. मी मागे वळून पाहिले. तास सरळ होते. माझ्या आयुष्यातले पहिले सरळ तास माझ्या मागे परशूच्या शेतात पडत होते. पहिली दोन तासे झाली तेव्हा मी सुखी होतो असे म्हणण्यास हरकत नाही, आणि ह्या सुखात परशूविषयी एक प्रकारची माया मला वाटू लागली होती, जशी ती खुणेच्या आधीच्या दिवसांत वाटत असे. तिसऱ्या तासाच्या वेळी केशर भाकरीची टोपली घेऊन बांधावर आली. तिने टोपली खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरला आणि पाहू लागली. आता ती बघेल, मला वाटले. परशू तिच्याजवळून जाताना थांबला नाही, नुसता म्हणाला, "वैनी, बघा तुमच्या मालकाची आगगाडी. तिकीट काढलं न्हाई तर चढू देत न्हाई म्हणतोय."

केशर हसली. ते हसणे मी पूर्वी ऐकले नव्हते. पदर तोंडाशी न धरता, मान मागे टाकून, लहान मुलीसारखी ती हसली. थट्टा माझी होती, नांगर माझा होता, तास माझे होते, आणि हसणे मात्र परशूने काढले. वडील बांधावर उभे आहेत असे मला एकाएकी वाटले. मीठ आधी, मग चटणी, काठोकाठ तांब्या, वखारीतले हसू, अंगणातला पाट, तो "बरं", हे सर्व एका वेळी माझ्या खांद्यांतून उतरून मनगटांत आले. मी काय केले ते मला नेमके सांगितले पाहिजे, कारण पुढे मी स्वतःलाच ते निराळे सांगण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मी बळ लावले नाही. मी दाबले नाही. मी केवळ हात हलके केले, आणि मग दोन बोटे उचलले. फाळ खाली गेला. रुमण्याला एक निराळी थरथर आली, रेड्यांच्या माना खाली झाल्या, आणि काळ्या मातीच्या पोटातून पिवळी, चिकट, कधी ऊन न पाहिलेली माती बाहेर पडू लागली. ती शिजलेल्या भोपळ्यासारखी दिसत होती. मला ती दिसत होती. मी थांबलो नाही. खाचराच्या कडेपर्यंत, सबंध लांबीभर, मी ती तशीच काढीत गेलो, आणि त्या साठ-सत्तर पावलांत मला जितकी शांती वाटली तितकी पुढे कधी वाटली नाही.

कडेला रेडे वळविण्यासाठी परशू फिरला आणि त्याने पाहिले. त्याने दावे सोडले, येऊन उकिडवा बसला, पिवळ्या मातीचा गोळा दोन बोटांत चुरून पाहिला. तो चुरला नाही, नुसता चपटा झाला. "तळ फुटला," तो म्हणाला. तो उठला, हात मांडीला पुसले आणि बांधाकडे पाहून म्हणाला, "नवा हात हाय. बरं झालं, आधी माझ्यात झालं. त्याच्यात झालं असतं तर वैनींनी दोघांनाबी उपाशी ठेवलं असतं." केशर या वेळी हसली नाही. ती परशूकडे पाहत नव्हती, मातीकडे पाहत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती. ते अजून रुमण्यावर होते. अंगणात तिने स्वतः ते रुमणे उचलून पाहिले होते, आणि नागूकाकांचे बोलणे ऐकून मान हलविली होती. "परशूभावजी," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रुमणं तुम्ही धरा."

तिच्या तोंडून ऐकावे लागेल म्हणून ज्याची मी इतकी वर्षे भीती बाळगली, ते वाक्य हेच होते. ते तिने कधी म्हटले नसते. ते म्हणण्याखेरीज तिला मी दुसरे काही ठेवले नव्हते. मी बाजूला झालो, पुढे गेलो आणि दावे खांद्यावर घेतले. आता माझी पाठ त्या दोघांकडे होती. मला वाटले की मागे काय चालले आहे या विचाराने मी वेडा होईन, ती त्याच्याकडे कशी पाहत असेल, तो काय म्हणेल, आणि मी कान देऊन चालू लागलो. पण कानांना काही मिळाले नाही. मिळाले ते खांद्याला. दावे सारखे ताणलेले असते असे मला वाटत होते, तसे ते नसते. फाळ अर्धे बोट वर आला की रेडे हलके होतात आणि दावे ढिले पडते. फाळ मुळाला अडला की मागच्या जोडीचा झटका पुढच्या जोडीत आणि पुढच्या जोडीतून माझ्या मानेपर्यंत येतो. परशू मागे रुमणे किती दाबतो, केव्हा सैल सोडतो, हे मी न पाहता मला एखाद्या ओळीसारखे वाचता येत होते. वीस पावले मी हे नवल करीत चाललो. एकविसाव्या पावलावर माझ्या ध्यानात आले. हेच दावे मघाशी परशूच्या खांद्यावर होते.

खाचराची कड आली. रेडे वळले, म्हणून मला वळावे लागले. बांधावर कोणी नव्हते. टोपली होती, तीवर फडके झाकलेले होते, आणि दोन तांबे शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्ही काठोकाठ. केशर केव्हाच घराकडे निघून गेली होती. ती कोणाची तासे पाहण्यासाठी थांबली नव्हती. परशू वाकून पंख्यावर चिकटलेली पिवळी माती काठीने खरवडत होता. त्याच्या भुवईवरून घाम त्या खुणेत उतरत होता. मी म्हणालो, "परशू, तुला कळलं हुतं."

"काय?"

"फाळ खाली गेला ते. दाव्यात कळतंय."

तो खरवडीत राहिला. "कळलं की."

"सत्तर पावलं, परशू. थांबवलं का न्हाईस?"

त्याने पंख्यावरून हात फिरवून तो स्वच्छ झाला की नाही ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मी तो घरी नेला असता आणि वर्षभर पुरवला असता.

"मला वाटलं, तू थांबशील," तो म्हणाला. मग त्याने रुमणे धरले आणि रेड्यांना हाक दिली. दावे माझ्या खांद्यावर ताणले, आणि मला पुढे चालावे लागले.